दुर्बिणीच्या आधीचा कागद

कागद माझ्या हातात आधी आला होता. दुर्बीण नंतर टाकली. हा क्रम मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. बायकोला तर नाहीच. तिला उलटा क्रम ठाऊक आहे, आणि तो मीच सांगितलेला आहे.

एवढं लिहून मी उठलो. अंगणात जाऊन गोणपाटांवर पाणी शिंपडून आलो. त्यांना पाण्याची गरज नव्हती, सकाळीच शिंपडलं होतं. बायको म्हणाली, "कितीदा पानी टाकता जी, सडन ते बी." मी परत येऊन बसलो. गेले पंधरा दिवस असंच चाललं आहे. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं ते कळत नाही.

पवनी तालुक्यात, आसगावच्या अलीकडे आमचं गाव. धान पिकवणारं. मीही तेच करतो. शिवाय दरवर्षी मे महिन्यात गावातले लोक आपापलं बियाणं मूठमूठ घेऊन माझ्याकडे येतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सुतळीनं बांधायची आणि सावलीत ठेवायची. आठव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर असले तर पेरा, कमी असले तर दुसरं आणा. एका कृषी सहायकानं हे आम्हाला शिकवलं होतं. त्याची बदली झाली, आणि ते काम माझ्याकडे राहिलं. त्याचं एक वाक्यही माझ्याकडे राहिलं: बी तपासल्याशिवाय जमिनीला दोष देऊ नका. हे वाक्य मी गावात किती वेळा बोललो असेन, देव जाणे. माणसं मान डोलवत ऐकतात.

लग्नाला आता बावीस वर्षं झाली. पहिली चार वर्षं गेली तेव्हा आईनं उपास सुरू केले. स्वतः नाही, सुनेला करायला लावले. सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी. बायकोनं ते सगळे केले. ती मुळात कामाची बाई. रोवणीत, म्हणजे धानाचे पऱ्हे, रोपं, चिखलात लावताना, तिच्याइतका चपळ हात आमच्या मोहल्ल्यात दुसरा नव्हता. पण आमच्याकडे रोवणीची पहिली मूठ लेकुरवाळीच्या हातून लावतात. आमच्याच धानाच्या बांधीत, आमच्याच पऱ्ह्यांची पहिली मूठ आई शेजारच्या सुनेकडून लावून घ्यायची. ती सून कशीतरी वाकडी मूठ लावायची, आणि पेंढी तिच्या हातात द्यायचं काम माझ्या बायकोचं. मी कडेच्या धुऱ्यावर उभा असायचो. पहिली मूठ लागली की बायको चिखलात उतरायची आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढे दोन हात निघून जायची.

आई एकदा तिच्या देखतच म्हणाली होती, "जमीनच खराब असन त बी बिचारं काय करन." तेव्हा मला कागदाचं काही माहीत नव्हतं. तेवढ्यापुरता मी निर्दोष होतो. हेही सांगून ठेवतो, कारण पुढे असं सांगायला फारसं काही नाही.

गावातली आशाताई दर हिवाळ्यात वही घेऊन घरोघर फिरायची. दोन लेकरं झालेल्या बायांना कुटुंबनियोजनाच्या शिबिराला न्यायचं, पोटुशीला गोळ्या द्यायच्या, बाळंतिणीच्या घरी जायचं. आमच्या दारात आली की वही मिटायची. "तुमच्यासाठी माह्या वहीत रकानाच नाही जी भाऊजी," ती म्हणाली होती. "ज्यायले झालं त्यायचा आहे. ज्यायले नको त्यायचा आहे. ज्यायले होऊन नाही राहिलं त्यायचा नाही." पण तिनंच बायकोला आधी पवनीला आणि मग भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वहीत रकाना नसताना नेलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्म्याच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मिस्टर आलेत का?" मी बाहेर बाकावर होतो. आत बोलावलं. म्हणाल्या, "दोघांचीही तपासणी करायची असते. तुमची आधी करू. ती सोपी असते, एका दिवसात होते." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्याच लॅबमध्ये नमुना द्यायचा होता.

मी चिठ्ठी घेऊन लॅबच्या रांगेपर्यंत गेलोही. रांगेत आमच्या गावचा एक जण साखर तपासायला उभा होता. "तू कायले आलास गा?" म्हणाला. मी म्हटलं, "सोबत आलो." आणि खरोखरच सोबत आल्यासारखा जाऊन परत बाकावर बसलो.

पण मनात किडा शिरला होता. दिवाळीनंतर पंपाचं सामान आणतो म्हणून नागपूरला गेलो. बाजाराच्या एका गल्लीत दुसऱ्या माळ्यावर छोटी लॅब होती. तिथल्या माणसानं नाव विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून मामाचं नाव निघालं. मामा वारून दहा वर्षं झाली होती. का निघालं ते मला तेव्हाही कळलं नाही. आपलं नाव त्या कागदावर नको, एवढंच. वय मात्र माझंच सांगितलं.

संध्याकाळी पाकीट मिळालं. लॅबवाला भला माणूस होता. म्हणाला, "मोठ्या डॉक्टरला दाखवा जी. उपाय असतात. घाबरू नका." बसस्टँडवर मी आलूबोंडा घेतला आणि कागद उघडला. इंग्रजी मला अडखळत येतं, आकडे मात्र येतात. एका बाजूला नॉर्मल किती असायला पाहिजे ते छापलेलं होतं, दुसऱ्या बाजूला मामाच्या नावाचं किती आहे ते. शंभर दाणे मोजणाऱ्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नव्हतं. आलूबोंडा तसाच हातात राहिला. बाजूला बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "खाता नाही का जी? मंग कुत्र्याले तरी टाका."

घरी येऊन कागद बियाण्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात निंबाचा पाला असतो, किडे लागू नयेत म्हणून. त्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आता पुढचं. हे लिहिताना मी दोनदा उठलो आहे.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचा रिपोर्ट?"

मी म्हटलं, "बाहेर केला. नॉर्मल आहे."

"आणला नाही का?"

"घरी राहिला."

बायको माझ्या बाजूला स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण मी तपासून आलो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर मी तपासून आल्याचा आनंद होता. मग लगेच तो मावळला. माझं नॉर्मल, म्हणजे तिचंच काहीतरी. हे तिला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी टेबलावरच्या वजनदार काचेच्या गोळ्याकडे पाहत होतो.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लिहिलं. तो केसपेपर माझ्याजवळ आहे. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल, आणि पुढे कंसात इंग्रजीत दोनच शब्द, सांगितल्याप्रमाणे. पुढच्या कागदांवर ते दोन शब्द गळून गेले. डॉक्टर बदलल्या, नव्यांनी जुन्या कागदावरून उतरवून घेतलं, आणि माझं नॉर्मल पक्कं झालं. त्यांचा काही दोष नाही. नवरा बायकोसमोर या बाबतीत खोटं बोलेल असं कोण धरून चालतं.

मग बायकोच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्ताच्या झाल्या. सोनोग्राफी झाली. नळ्यांचा एक्स-रे झाला, तेव्हा ती टेबलावर ओरडली होती असं सिस्टरनं मला नंतर सांगितलं. तिनं स्वतः नाही सांगितलं. एक नळी नीट दिसली नाही. म्हणून दुर्बीण टाकून पाहायचं ठरलं.

हिवाळा होता. शिबिराचे दिवस होते. त्या दिवशी दवाखान्यात जिल्हाभरच्या बाया कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला आल्या होत्या आणि त्यांच्याच यादीत शेवटी माझ्या बायकोचं नाव होतं. दुर्बीण तीच, टेबल तेच, डॉक्टर तेच. सकाळी सिस्टर एक छापील कागद घेऊन आली. बायकोनं सही केली, सातवीपर्यंत शिकलेली आहे ती. मग नवऱ्याची सही. सिस्टर पेन देत म्हणाली, "दमा आहे का पेशंटला? औषधाची ॲलर्जी? आधी काही ऑपरेशन? आणखी काही सांगायचं राहिलं का?"

मी म्हटलं, "नाही."

आणि सही केली. ती सही मला अजून दिसते, शेवटचं अक्षर जरा लांब ओढलेलं.

दुपारी चहाचा थर्मास घेऊन मी वॉर्डाच्या दाराशी उभा राहिलो. पुरुषांना आत सोडत नव्हते. बायको तिसऱ्या खाटेवर होती, गुंगी उतरलेली. शेजारच्या खाटेवर सिहोऱ्याकडची एक ठसकेबाज बाई होती.

"किती लेकरं व तुले, माय?" तिनं विचारलं.

"नाही."

"नाही म्हंजे? मंग हिकडं कायले आली?"

"नळ्या पाहाले. खुल्या आहेत का बंद."

त्या बाईनं कुशीतल्या तान्ह्याचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पाह्य बाप्पा. मी बंद कराले आली, तू उघडाले आली. अन् दुर्बीन एकच."

सगळा वॉर्ड हसला. माझी बायकोही हसली, पोट धरून. "हसवू नको व, टाके दुखून राहिले."

"धर जरा मंग," असं म्हणून त्या बाईनं आपलं तान्हं तिच्या कुशीत सरकवलं. "मले उठता येऊन नाही राहिलं." बायकोनं ते धरलं. खांदा दुखत होता तिचा, पोटात गॅस भरतात म्हणून दुखतो म्हणे, तरी धरलं. मी थर्मास दारातल्या मावशीच्या हाती दिला आणि खाली उतरलो. गेटपाशी जाऊन परत आलो. पुन्हा गेलो.

नळ्या दोन्ही चांगल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "हिचं सगळं ठीक आहे. आता तुमचा रिपोर्ट इथं एकदा परत करू या." मी म्हटलं, "हो साहेब." आणि गेलो नाही.

बेंबीखालचा टाका पिकला. दीड महिना ती उपकेंद्रात ड्रेसिंगला जात होती, कधी चालत, कधी माझ्या सायकलवर मागे बसून. सायकल खड्ड्यात आदळली की माझा शर्ट घट्ट धरायची. व्रण अजून आहे. रोवणीत वाकताना डावा हात तिथं जातो तिचा, आता सवयीनं जातो. मी दरवर्षी पाहतो.

त्यानंतर चार वर्षं मी गप्प होतो. चार हा आकडा लिहायला सोपा आहे.

मग आईनं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. चुलीपुढे बसून, बायको भाकरी थापत असताना. "हिले कोनी हाकलून नाही राहिलं. राहीन हेही. पन घराले दिवा पाह्यजे का नाही, बापू?" बायकोनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बोडीच्या पाळीवर गवत कापत होतो. बोडी म्हणजे आमच्या शेताच्या वरचं लहान तळं. ती मान खाली घालूनच म्हणाली, "आनाची असन त आना जी. मी नाही म्हननार नाही."

तिथं मला बोलावं लागलं. मी म्हटलं, "दोष तुझ्यात नाही. माझ्यात आहे. मागल्या महिन्यात नागपूरला जाऊन परत तपासून आलो, आधीचा रिपोर्ट चुकीचा होता."

मागल्या महिन्यात. चार वर्षांचा मागला महिना.

तिचा विळा थांबला. पाण्यात दोन बगळे होते, ते उडून पलीकडे बसले. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"दुर्बीन टाकली तवा तुमाले माहीत होतं का जी?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं श्वास सोडला. मला वाटलं आता रडेल, भांडेल. तिनं विळा बाजूला ठेवला आणि माझा हात हातात घेतला. उघड्या पाळीवर, खालच्या बांधीत माणसं असताना. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. म्हणाली, "मंग तुमचा काय दोष. मानसाले आपल्या पोटातलं कुठं दिसते."

ती माफी मी घेतली. अजून ती माझ्याजवळच आहे.

पुढे ती म्हणाली, "बुढीले सांगू नका. ह्या वयात कायले." हे मात्र मी ताबडतोब ऐकलं. दुसरं लग्न करणार नाही एवढंच आईला सांगितलं. त्यावर आई नातलगांत सांगत फिरली की माझा पोरगा देवमाणूस आहे, अशा बायकोलाही सांभाळतो. बायकोकडून माफी, आईकडून देवपण. आई तोच समज घेऊन गेली.

त्यानंतर मी स्वतःच्या नावानं, भंडाऱ्याच्या त्याच लॅबमध्ये नमुना दिला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शिरा फुगल्या आहेत, लहानसं ऑपरेशन आहे, इथंच होतं. झालं. दोन दिवस पुरुषांच्या वॉर्डात होतो. ज्या भीतीनं इतकी वर्षं गेली ती भीती दुसऱ्या दिवशी दारातून आत आली, म्हणजे आमच्या गावचा एक जण कुणाला तरी भेटायला आला. "काय झालं गा? अंडवृद्धी का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हो." "माह्या सासऱ्याची झाली मागच्या साली. लय आराम पडला," म्हणाला, आणि केळं देऊन गेला. बस, एवढंच. एवढ्याला मी घाबरलो होतो.

सहा महिन्यांनी रिपोर्ट थोडा सुधारला, थोडाच. डॉक्टर म्हणाले, "तीन-चार वर्षं आधी आला असता तर वेळ हाताशी होता. आता बाईंचंही वय चाललं आहे. यापुढचं म्हणजे टेस्ट ट्यूब. ते आपल्याकडे होत नाही. नागपूरला खाजगीत." एकदा गेलो. काचेच्या दाराचा मोठा दवाखाना, भिंतभर लेकरांचे फोटो. बायको फोटोंपुढे उभी राहिली, एकेक पाहिला. आतून जे काय सांगितलं ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चला जी, एसटी सुटन."

हे सरकारी दवाखान्यात का नसतं, गरिबाच्या लेकराची आस ही आजारात का धरत नाहीत, असं मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. ग्रामसभेतही बोललो. ते खरंच आहे, त्यात मी खोटं बोललो नाही. पण प्रत्येक वेळी बोलून खाली बसलो की आतून कुणीतरी विचारतं, जे होतं त्याचं काय केलंस? सोपी तपासणी होती. ऑपरेशन होतं. विचारणारी डॉक्टरीण होती. जेवढं दार उघडं होतं त्यात मीच आडवा उभा होतो.

बायको नंतर वेगळीच झाली. म्हणजे बिघडली नाही, उलट. दवाखान्याच्या सगळ्या वाटा तिला पाठ झाल्या होत्या, कुठली चिठ्ठी कुठं काढायची, सोनोग्राफीचा वार कोणता, कुठल्या खिडकीवरची बाई चांगली बोलते. आशाताई आता अशा पोरींना तिच्याकडे पाठवते. "वहीत रकाना नाही त काय झालं, तुमी आहा ना," म्हणते. गावोगावच्या सुना आमच्या अंगणात येऊन बसतात. पहिल्या मुठीला मात्र ती अजून दुसरीलाच बोलावते. आई गेल्यावर मी म्हटलं होतं, आता तू लाव. "राहू द्या जी, ज्याचं त्याले," म्हणाली. मी पुढे काही बोललो नाही. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

या मे महिन्यात, पंधरा दिवसांपूर्वी, आशाताई एका जोडप्याला घेऊन आली. गावातलेच, लग्नाला पाच वर्षं. नवरा तीस-बत्तीसचा, पिशवीत बियाणंही घेऊन आला होता तपासायला. मी अंगणात गोणपाटावर दाणे मांडत होतो. बायको त्या पोरीला सांगत होती.

"आधी नवऱ्याचं. ना सुई ना चिरा, एका दिवसाचं काम. आपलं बाईचं सारं पोटात, दुर्बीन टाका लागते. हे पाह्य." तिनं पदर जरा सरकवून व्रण दाखवला. "ह्याच्यातून काही निघालं नाही. साऱ्या नळ्या चांगल्या."

ती पोरगी घाबरून म्हणाली, "मंग काकी, उगाच टाकली का?"

"उगाच कायची. तवा ह्यायलेच माहीत नव्हतं बिचाऱ्यायले. माहीत असतं त मले टेबलावर चढू देल्लं असतं का?" आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हो का नाही जी? सांगा ना तिले."

आशाताईनं माझ्याकडे पाहिलं. तो नवराही पाहत होता. मी बेचाळीसपर्यंत मोजलं होतं की बावन्नपर्यंत, ते विसरलो. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला सांगता येणार नाही. मग दाणे गोळा केले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागलो.

आठव्या दिवशी तो नवरा एकटाच आला. गुंडाळी उघडली. ब्याऐंशी उगवले होते. मी म्हटलं, "चांगलं आहे. पेर." तो जाईना. गोणपाटावरचे कोंब बोटानं सरळ करत बसला. मग खिशातून चारघडी केलेला कागद काढला.

"काका, हे पाहा जी."

मला पाहायची गरज नव्हती. त्याच रांगा, तेच आकडे, वर मात्र त्याचं स्वतःचं नाव होतं. तेवढा तो माझ्याहून बरा.

"तिले नाही सांगितलं अजून," तो म्हणाला. "तिची एक्स-रेची तारीख भेटली आहे. म्हटलं, रोवनी होऊ द्यावी, मंग सांगावं."

"आज सांग," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "एक्स-रेच्या आधी सांग. तिच्या पोटाला कोणाचा हात लागायच्या आधी. रोवणीले काही होत नाही."

"तुमी कसं सांगितलं होतं जी काकीले?"

आत बायको तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज ऐकू येत होता.

"तुमी लगेच सांगितलं होतं ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

"घरी जा," मी म्हटलं. "ती वाट पाहत असन."

तो गेला. त्यानं सांगितलं. चार दिवसांनी ती दोघं भंडाऱ्याला गेली, माझी बायको सोबत होती. त्या पोरीची एक्स-रेची तारीख डॉक्टरांनी पुढे ढकलली आणि आधी त्याचा उपचार सुरू केला. बायको संध्याकाळच्या बसनं आली, पाय धुतले आणि ओसरीवर बसून पाण्याचा लोटा तोंडाला लावला. मग म्हणाली, "धीराचा पोरगा आहे बाप्पा. कळल्याबरोबर सांगतलंन. तुमच्यासारखाच."

मी उठून गोणपाटांवर पाणी शिंपडायला गेलो.

आज डबा उघडला आहे. निंबाचा पाला दरवर्षी बदलतो, कागद तोच आहे, घड्यांवर फाटायला आलेला. वर मामाचं नाव. खाली तारीख, दुर्बिणीच्या सव्वा महिना आधीची. बाजूला केसपेपर ठेवला आहे, त्यावरचे ते दोन शब्द अजून वाचता येतात. नाव खोटं असल्यामुळे हा कागद तिच्या हाती लागला असता तरी तिला काही कळलं नसतं. मी सांगितलं तरच कळेल. ती आत्ता अंगणात शेजारणीशी बोलते आहे, तिचा हसण्याचा आवाज येतो आहे. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

तिनं बोडीच्या पाळीवर मला विचारलं होतं, दुर्बीण टाकली तेव्हा तुम्हाला माहीत होतं का. त्याचं उत्तर 'हो' असं आहे. ते उत्तर मी तिला देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.